आमच्या गावच्या संपावर माहितीपट करतोय: खोतांच्या घराचं नाव घ्यावं का?

खारेपाटकर

नमस्कार मंडळी,

गेली अडीच वर्षं सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन एक माहितीपट करतोय. आता शेवटाला येऊन अडलोय. घरात विचारावं तर सगळे एकाच बाजूचे, म्हणून इथे विचारतो.

माझं गाव अलिबाग तालुक्यात, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. चरी-कोपरच्या संपात जी २५ गावं उतरली त्यांतलं एक. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून भाताचा निम्मा वाटा, कुठे त्याहूनही जास्त घ्यायचा. वर आबवाब म्हणजे जादा वसुल्या, वर वेठ म्हणजे फुकटची राबणूक. खोताकडे लग्न असो की घराची शाकारणी, कुळाने हातातलं काम टाकून जायचं. जमिनीच्या कागदावर कुळाचं नाव नाही, त्यामुळे 'उद्यापासून येऊ नकोस' म्हटलं की विषय संपला. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली २७ ऑक्टोबर १९३३ला चरीत सभा झाली आणि कुळांनी ठरवलं, जमीन कसायचीच नाही. एक हंगाम नाही, दोन नाही, थेट १९३९पर्यंत. माझे पणजोबा त्यांत होते.

खारेपाटात जमीन न कसणं म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला चटकन कळत नाही. 'बांद सांदला नय त खारी घरान येल' असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. खाडीचं पाणी थोपवणारा मातीचा बांध दरवर्षी सांधावा लागतो. उधाणाला खांड पडली की एका रात्रीत शेतात खारं पाणी, आणि मग पुढची काही वर्षं तिथे धड पीक नाही. ज्या जमिनीसाठी पिढ्यानपिढ्या चिखलात उभं राहिले, ती जमीन ही माणसं सहा वर्षं नुसती बघत राहिली. कुणी रानातला लाकूडफाटा विकला, कुणी खाडीत जाळी टाकली, कुणी मुंबईला गिरणीत गेलं.

माझ्याकडे ३१ तासांचं चित्रण आहे. ११ म्हातारी माणसं बोलली. त्यांतल्या एका आजींनी संप स्वतः पाहिला होता, संपला तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आईच्या मागे डोक्यावर छोटी मोळी घेऊन अलिबागेपर्यंत चालत गेल्याचं त्यांनी सांगितलं. गेल्या श्रावणात त्या गेल्या. बाकीच्यांचं सगळं ऐकीव.

आता मुद्दा. आमच्या गावात खोतांचं घर अजून उभं आहे. तिथे एक काकू एकट्या राहतात, वय ७८. चौथीच्या स्कॉलरशिपचं गणित मी त्यांच्या पडवीत बसून शिकलो. मागच्या मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि माळ्यावरून काढलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वही हातात ठेवली. खोतीच्या हिशेबाची. सगळी मोडी लिपीत. म्हणाल्या, 'तुझ्या पणजोबाला आमच्या घराने काय भोगायला लावलं ते खुशाल सांग. फक्त आमचं नाव घालू नकोस बाबा.'

वहीशिवाय माझ्याकडे पुरावा असा नाही. सगळ्या गोष्टी तोंडी आहेत. आणि वही दाखवायची, पण कुणाची ते सांगायचं नाही, हे मला अर्धवट वाटतं. तुम्ही काय केलं असतं?

झावळी

शब्द दिला असेल तर पाळायचा. नाव नको.

उरणची_लेक

मी असहमत. जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील १९८४च्या जानेवारीत न्हावा-शेव्याच्या आंदोलनात होते. बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, भाव मिळेना, दि. बा. पाटलांच्या मागे सगळा उरण-पनवेल रस्त्यावर उतरला. १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची जी गोष्ट आज सगळे बोलतात ती त्या रक्तातून आली. दर जानेवारीला त्या पाचही जणांची नावं आमच्याकडे मोठ्याने घेतली जातात. लहानपणी ती मला पाढ्यांसारखी पाठ होती.

मोठी झाल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. ज्यांनी सोसलं त्यांची नावं आपण घेतो. ज्यांनी सोसायला लावलं त्यांच्यावर वेळ आली की 'त्या काळची व्यवस्था' म्हणून सोडून देतो. व्यवस्था वेठीला बोलवायला येत नाही हो, कुणाचा तरी माणूस येतो दारात. काकू चांगल्या आहेत म्हणून त्यांच्या आजेसासऱ्यांचं वागणं बदलत नाही.

शिवाय गावात सगळ्यांना ते घर माहीत आहे. मग लपवताय कोणापासून?

झावळी

@उरणची_लेक, गावाबाहेरच्यांपासून! गावातला माणूस काकूंना ओळखतो. बाहेरचा माणूस मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा बघणार, आडनाव बघणार आणि त्या आडनावाच्या प्रत्येकाला खाली शिव्या घालणार. ७८ वर्षांची एकटी बाई आहे ती.

वकिली_कोट

कायद्याचं थोडं सांगतो. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते. ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाध आला असता, आणि घरच्यांना दुखवायच्या हेतूने तसं केलं, असं दिसलं तर. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम ४९९, आता न्याय संहितेचं ३५६. सार्वजनिक हितासाठी सांगितलेली खरी गोष्ट याला अपवाद आहे. तेव्हा कागद हातात असताना नाव घेणं हा काही गुन्हा नाही.

पण दोन गोष्टी आजच करा. वही दाखवायला काकूंची लेखी संमती घ्या, त्यात 'नाव न घेण्याच्या अटीवर' हेही लिहा. अट तोंडी राहिली की पुढे त्यांची मुलं एक म्हणतात, तुम्ही एक म्हणता. दुसरं, सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. लघुपट, माहितीपट, सगळ्यांना. त्या अर्जाला वेळ लागतो, आत्तापासून धरा.

चाकरमानी_७७

नावाचं थोर लोक ठरवतील. मी एक कामाचं विचारतो: आवाज कसा आहे?

मी आमच्या गुहागरकडच्या एका आजोबांच्या मुलाखती घेतल्या होत्या, १९४७च्या 'रामदास' बोटीवर त्यांचे काका होते त्याबद्दल. १७ जुलै, गटारीचा दिवस, रेवसला जाणारी बोट, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आजोबा इतकं सुंदर बोलले आणि घरी येऊन ऐकतो तर सगळीकडे कावळे. आणि वारा. पुन्हा गेलो तेव्हा आजोबा म्हणाले, 'एकदा सांगितलं ना.' दुसऱ्यांदा ते तसं बोललेच नाहीत.

तेव्हापासून नियम केला आहे. कॉलरचा माइक सदऱ्याच्या आत, वर केसाळ टोपी, आणि मुलाखत माजघरात. अंगणात नाही, कितीही छान उजेड असला तरी.

सुरंगी

कावळ्यांनासुद्धा कोकणाच्या इतिहासाबद्दल काही सांगायचं असेल हो :)

चाकरमानी_७७

@सुरंगी, त्यांचंच सगळं रेकॉर्ड झालंय, चार तास!

आणखी एक, पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, पुड्या गुलाबी झाल्या की कढईत भाजून पुन्हा वापरा. आणि चित्रणाच्या तीन प्रती, त्यांतली एक कोकणाबाहेर. आमच्याकडे खारी हवा लोखंडाची खिडकी खाते, हार्डडिस्कचं काय घेऊन बसलात.

तांबडी_माती

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

आमचं घर खोताचं. संगमेश्वराकडचं. माझ्या आजोबांच्या लहानपणी आमच्याकडे वेठीला माणसं यायची. हे मला घरी कधी कुणी सांगितलं नाही. शेजारच्या वाडीतल्या एका मित्राने सांगितलं, कॉलेजात असताना, तेही भांडणात. घरी येऊन आजीला विचारलं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, 'यायची. आणि जेवायला मागच्या दारी बसायची.' एवढंच. पुन्हा निवडायला लागली.

मला स्वतःला आमचं नाव आलेलं चालेल. चालेल काय, यावं असंच वाटतं, कारण न सांगण्यानेच ते आमच्या घरात इतकी वर्षं कुजत पडलं. पण ते माझं मी ठरवलंय. काकूंनी वही दिली हेच केवढं मोठं आहे. किती घरांत अशा वह्या पाणी तापवायच्या चुलीत गेल्या, मला विचारा. आमची गेली. एखाद्याने दार उघडल्यावर त्याच दाराचा फोटो लावला, तर बाकीची दारं बंदच राहतील.

@खारेपाटकर, एक विनंती. निवेदनात 'खोत' हा शब्द जपून वापरा. खोत आडनावाची कित्येक कुटुंबं आहेत ज्यांचा खोतीशी काही संबंध नाही, आणि कित्येक वतनदार खोतांची आडनावं भलतीच आहेत. शिवाय सगळे खोत वाड्यात राहणारे नव्हते. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या होऊन दोन आण्यांचे वाटेकरी खोतही होते, जे स्वतः नांगर धरायचे.

उरणची_लेक

@तांबडी_माती, मनापासून लिहिलंत. आजीचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

पण शेवटच्या मुद्द्यावर थांबते. दोन आण्यांचा खोतही वेठ घेतच होता ना? गरीब खोताला वेठीला जाणारा माणूस कमी थकत नव्हता.

तांबडी_माती

घेत होता. मान्य.

वेंगुर्लेकार

माका विचारशात तर पयलो गावात दाखवा आणि मगे ठरवा. काकू स्वतः बघतली, गाव बघतलो. पडद्यार बघितल्यार मानसाचा मन बदलता. हय बसान आमी कितीय बोललो तरी ता फुकट.

संकलनाची_कात्री

मी बारा वर्षं संकलन करते, बहुतेक सामाजिक विषयांचे माहितीपट. नावाच्या प्रश्नाआधी एक विचारते: पडद्यावर काय दिसणार आहे? १९३३चं काही चित्रित केलेलं तुमच्याकडे नाही. मग ५० मिनिटं काय बघायचं?

इथे बहुतेक जण दोन चुका करतात. पहिली, ड्रोन. आधी समुद्र, मग नारळाची बाग, मग बासरी. तो पर्यटनाचा व्हिडिओ होतो. (आणि तुमच्या भागात ड्रोन उडवण्याआधी नकाशावर लाल-पिवळे पट्टे बघून परवानगी घ्या.) दुसरी, नाट्यरूपांतर. गावातल्या पोरांना धोतर नेसवून वाकायला लावायचं आणि एकाला मिशा लावून चाबूक द्यायचा. तो मिशीवाला आला की बघणारा निश्चिंत होतो, म्हणतो, दुष्ट होता, मेला, संपलं. खरी खोती मिशीत नव्हती, हिशेबात होती. ती वही माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा नट आहे. पान उलटणारा हात, कागदाचा आवाज, शाईचा डाग, आणि शांतपणे वाचणारा एक आवाज. एका आकड्यावर वीस सेकंद थांबायची हिंमत करा.

आणि घाई नको. मुंबईत रमाबाई नगरला ११ जुलै १९९७ला गोळीबार झाला, १० माणसं गेली. त्यावरचा माहितीपट १४ वर्षं चित्रित होत होता, २०११ला आला. मधल्या वर्षांत खटला चालला, माणसं बदलली, काही गेली, ते सगळं त्यात उतरलं. न्यायाची गोष्ट न्यायाच्या गतीनेच चित्रित होते.

मोडीवाचक

@संकलनाची_कात्री यांच्याशी सहमत, पण वही वाचणार कोण? खारेपाटकर, वही वाचून घेतलीत का? नसेल तर चार पानांचे फोटो पाठवा. मी निवृत्त शिक्षक आहे, मोडी वाचतो. सावलीत, फ्लॅश न लावता, सपाट ठेवून फोटो काढा. पानं ओढू नका, शिवणीतून सुटतात.

खारेपाटकर

सगळ्यांचे आभार. थोडी उत्तरं देतो.

वही वाचून घेतलेली नाही. अलिबागेत एकांना दाखवली होती, त्यांनी पहिलं पान वाचून 'भाताचा हिशेब आहे' एवढंच सांगितलं. मोडीवाचक सर, आज रात्री १२ पानं पाठवतो. फोटो काढायची परवानगी काकूंनी दिली आहे.

@चाकरमानी_७७, आवाज बरा आहे. आजींची मुलाखत मात्र गणपतीच्या आदल्या दिवशीची, मागे कुणीतरी ढोलकी घट्ट करून बघतंय. संकलक मित्राने काढून टाकू म्हटलं, मी ठेवली. आजी मध्येच थांबून ती ऐकतात आणि हसतात.

@उरणची_लेक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही माझ्याकडे. त्यासाठीच तर धागा काढला.

जुनी_फीत

अवांतर: आपल्याकडच्या चित्रपटाची सुरुवातच वास्तवाच्या चित्रणाने झाली हे कितीजणांना माहीत आहे? सावे दादा, म्हणजे ह. स. भाटवडेकर, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. १९०१मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतले त्याचंही चित्रण केलं. पुढे १९४८पासून फिल्म्स डिव्हिजन. आमच्या लहानपणी थिएटरात मुख्य सिनेमाआधी त्यांची वार्तापत्रं लागायची. धरणं, कारखाने, पाहुणे. गावातलं भांडण मात्र त्यात कधी दिसलं नाही. ते खारेपाटकरांसारख्यांनीच करायचं.

दासगावचा

धागा चांगला चाललाय, म्हणूनच विचारतो. ११ माणसांच्या मुलाखती घेतल्यात. त्यांत बौद्धवाडीतली किती?

आमच्या महाडकडे सत्याग्रहाचा इतिहास शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं. नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव आधीच केला होता, तरी पाणी घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन यावं लागलं. मग दावा लागला, तो १९३७ला हायकोर्टात संपला. ठराव झाल्याने काही होत नाही, हे आमच्या घरात आईच्या दुधाबरोबर कळतं.

तुमच्या संपाशी हे जोडलेलं आहे. १९३४ला चरीला शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. १७ सप्टेंबर १९३७ला खोती नष्ट करायचं विधेयक त्यांनी विधिमंडळात मांडलं. १० जानेवारी १९३८ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, त्यात ते पुढे होते. खोतीखाली भरडली गेलेली कुळं आगरी होती, कुणबी होती, मराठा होती, महारही होती. पण आज गावात संपाची आठवण काढली जाते तेव्हा बौद्धवाडीला कोणी विचारायला जातं का? तुम्ही गेलात का?

खारेपाटकर

@दासगावचा, एकही नाही.

दोनदा गेलो होतो, पण चित्रणाला नाही. का नाही गेलो, याचं धड कारण मला देता येत नाही. येत्या रविवारी जातो.

झावळी

दासगावचादादा, बरं झालं विचारलंत.

भातशेती_आणि_मी

कागदांबद्दल थोडं. वही एका बाजूचा कागद आहे, दुसऱ्या बाजूचाही मिळतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने सातबारा आणि फेरफार काढा. १९४८चा कुळकायदा, १९४९चा खोती नष्ट करण्याचा कायदा आणि मग १ एप्रिल १९५७चा कृषक दिन (कसणारी कुळं मालक ठरली तो दिवस), या टप्प्यांवर तुमच्या पणजोबांचं किंवा आजोबांचं नाव कुळ म्हणून आणि मग मालक म्हणून कधी लागलं ते फेरफारात तारखेसह दिसेल. माझ्या आजोबांचा असा फेरफार मी चौकटीत लावलाय. भिंतीवर देवांच्या शेजारी.

मोडीवाचक

१२ पानं वाचून झाली. इथे लिहायला खारेपाटकरांची परवानगी घेतली आहे.

वही नीट ठेवलेली आहे, अक्षर वळणदार. डावीकडे कुळाचं नाव, बापाचं नाव, शेताचं नाव. उजवीकडे खंडी, मण, पायली. (नव्या वाचकांसाठी: २० मणांची खंडी.) काही नावांपुढे 'बाकी', आणि ती बाकी पुढच्या साली वाढून आलेली. एका कुळाची बाकी चार पानं सतत पुढे येते, मग ते नाव येत नाही, त्या शेतापुढे दुसरं नाव येतं. पहिल्या माणसाचं काय झालं ते वही सांगत नाही.

खारेपाटकरांचे पणजोबा सहाव्या पानावर आहेत. त्यांना रात्री फोन करून मी ते वाचून दाखवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहितोय ते. शेवटच्या दोन पानांवर वेठीचा हिशेब आहे. तिथे कुळांची नावं नाहीत. 'महार असामी ३, दिवस ६.' (असामी म्हणजे माणूस.) 'महार असामी २, लाकडे.' भाताच्या प्रत्येक पायलीपुढे नाव आहे, माणसाच्या सहा दिवसांपुढे नाव नाही. ३२ वर्षं मोडी वाचतोय, अशा नोंदी शेकड्यांनी पाहिल्या असतील. या धाग्यामुळे पहिल्यांदा त्या ओळीवर थांबलो.

दासगावचा

सर, धन्यवाद.

आपण इथे चाळीस प्रतिसाद भांडतोय की खोताचं नाव घ्यावं की नाही. त्या तिघांचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही.

उरणची_लेक

मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. म्हणणं तेच आहे, पण क्रम बदलते. आधी या तिघांना शोधा. खोताच्या नावाचं नंतर बघू.

संकलनाची_कात्री

ती ओळ. वीस सेकंद. वर कुठलंही संगीत नाही.

सुरंगी

'असामी' शब्द मी आजवर 'बडी असामी' यातच ऐकला होता.

खारेपाटकर (सोळा दिवसांनी)

उशिरा लिहितोय. बरंच घडलं.

बौद्धवाडीत गेलो. दोन रविवार. तिथल्या एका ७०च्या पुढच्या आजोबांनी सांगितलं की त्यांच्या आज्याला खोताकडे लाकडं फोडायला बोलवत, आणि त्याच्याबरोबर जाणाऱ्या दोघा चुलत्यांची नावंही सांगितली. वहीतले तिघे हेच, असं मी म्हणू शकत नाही. पण त्या काळात त्या घरी वेठीला गेलेल्या माणसांची सहा नावं आता माझ्याकडे आहेत, तीन घरांतून मिळालेली. आजोबा कॅमेऱ्यासमोर बोलले, माजघरात बसून, सदऱ्याच्या आत माइक लावून. (@चाकरमानी_७७, कावळा एकही नाही.) निघताना त्यांनी विचारलं, 'हे आधी का नाही आलास?' तेही रेकॉर्ड झालंय. ठेवणार आहे.

मग मोडीवाचक सरांनी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून दिलेली पानं घेऊन काकूंकडे गेलो. वही त्यांच्या घरात कित्येक वर्षं होती, पण मोडी येत नसल्याने आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. चष्मा लावून त्यांनी सगळी पानं वाचली. पणजोबांच्या नावापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. वेठीची दोन पानं वाचून झाल्यावर उठून आत गेल्या, बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, 'सहा दिवस फुकट. आणि जेवायला काय दिलं असेल रे?'

नावाचं विचारलं. त्यांचं म्हणणं तेच आहे: नाव नको. मुलगा मुंबईला असतो, त्याला हे सगळंच नको आहे, वहीसुद्धा परत हवी होती. वही परत दिली. फोटो ठेवायला काकूंनी लेखी संमती दिली, वकिली_कोट यांनी सांगितल्याप्रमाणे अटीसकट. तेव्हा घराचं नाव माहितीपटात येणार नाही. निवेदनात मी सरळ सांगणार आहे की वही गावातल्या खोतांच्या घरातून आली, देणाऱ्या बाईंनी नाव न घेण्याची विनंती केली आणि मी ती मानली. उरणची_लेक, तुम्हाला हे पटणार नाही हे माहीत आहे.

कुळांची नावं मात्र सगळी येणार. १२ पानांत ४१ आहेत. बापाच्या नावासकट, शेताच्या नावासकट. त्यांच्या पाठोपाठ बौद्धवाडीतली सहा. वाचणार कोण ते ठरत नव्हतं. काकूंनी विचारलं, 'मी वाचू का?' त्यांचा आवाज शाळामास्तरणीचा आहे, खणखणीत. चेहरा दिसणार नाही, फक्त आवाज. मी हो म्हटलं. मग बौद्धवाडीतल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, 'ती ४१ तिला वाचू दे. आमची सहा मी वाचीन.'

उरणची_लेक

पटलं नाहीच. काकूंचा आवाज येणार आणि घराचं नाव येणार नाही, यातून त्या घराला फारच मऊ निरोप मिळतो असं मला वाटतं. हे मी माहितीपट दाखवाल त्या दिवशी उभी राहून बोलेन, चालेल ना?

पण आजोबांचं 'आमची सहा मी वाचीन' वाचून उठून पाणी प्यायले.

खारेपाटकर

चालेल काय, बोलाच. कॅमेरा चालू ठेवतो.

तांबडी_माती

काकूंना माझा नमस्कार सांगा. आमच्या आजीला वाचता येत होतं, तिला असं काही वाचायला मिळालं नाही.

संकलनाची_कात्री

४७ नावं म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं होतील. कापा म्हणणारे भेटतील. ऐकू नका.

वेंगुर्लेकार

खयच्या दिसाक दाखवतास ता सांगा. एसटीचा बगूक होया.

खारेपाटकर

शिमग्याला दाखवायचा विचार आहे, मुंबईची सगळी माणसं तेव्हा गावात असतात. प्रमाणपत्राचा अर्ज भरलाय, तोवर हातात येईल अशी आशा आहे. देवळाच्या सभामंडपात पडदा लावू असं ग्रामस्थ म्हणतायत, तिथे पंखे आहेत आणि वीज आहे.

दासगावचा

सभामंडप नको. आज कुणी कुणाला अडवत नसेल, तरी आमची म्हातारी माणसं तिथे पायरीशी उभी राहून बघतील. शाळेच्या पटांगणात लावा. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे, २० मार्चला दरवर्षी महाडला नेतो. पडदाही आहे, १२ फुटी. विजेची वायर मात्र शाळेपासून लांब ओढावी लागेल, ५० मीटरची आणा.

खारेपाटकर

शाळेचं पटांगण. आज सरपंचांशी बोलतो. वायर आणतो.

झावळी

मी पेणहून येतेय, चटया घेऊन. काकूंना आणायला गाडी लागेल का? पटांगणापर्यंतचा रस्ता त्यांना चालवेल?

खारेपाटकर

चालवणार नाही. बौद्धवाडीतल्या आजोबांसाठी रिक्षा सांगितलीच आहे, ती आमच्या आळीवरूनच येते. दोघांनाही विचारतो.